ज्येष्ठांसाठी तत्त्वज्ञानाचा अभ्यासवर्ग हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात ज्येष्ठ नागरिकांविषयी जे लेखन येते, ते मी अनेक वर्षे नेमाने वाचत आले आहे. मुदत ठेवींवरील व्याज, गुडघेदुखी, मधुमेहातला आहार, इच्छापत्र कसे करावे, फसवणुकीच्या फोनपासून सावध कसे राहावे, हे सारे विषय आवश्यक आहेत आणि त्यांचा मला स्वतःला उपयोगही झालेला आहे. परंतु या लेखनात आमच्या वयाचा माणूस बहुतेक वेळा केवळ सांभाळण्याचा विषय म्हणून येतो. त्याला अजून काही शिकायचे असेल, हे जग एकमेकांत कसे गुंतलेले आहे आणि त्या गुंत्यात आपण आयुष्यभर कोठे उभे होतो हे नीट अभ्यासून समजून घ्यायचे असेल, अशी शक्यता कोणी गृहीत धरताना दिसत नाही. त्यासंबंधी एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मात्र ती मागणी मनात कशी आली हे आधी सांगितल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मी ७१ वर्षांची आहे. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात मी आधी अनुरेखक आणि नंतर आरेखक म्हणून ३४ वर्षे काम केले. अनुरेखकाचे काम आजच्या तरुणांना ठाऊक असण्याचे कारण नाही. अभियंत्याने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ताणून बसवायचा आणि जलवाहिनी, व्हॉल्व्ह, जलकुंभ, रस्त्याची हद्द अशी प्रत्येक खूण शाईने, हात न थरथरता गिरवायची. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा अशा सात तलावांतून पाणी येते. त्यांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा १८९२ साली बांधला गेला आणि तेव्हापासून हे शहर दूरच्या डोंगरांतल्या पाण्यावर वाढत गेले. आज ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांतल्या पावसावर मुंबईच्या स्वयंपाकघरांतले पिंप भरते. चाळीच्या मोरीतला नळ आणि शहापूर तालुक्यातला डोंगर यांच्यामध्ये एक अखंड रेष आहे, हे माझ्या हाताला रोजच्या सरावाने ठाऊक होते. त्या रेषेवर किती माणसे उभी आहेत याचा विचार मात्र मी नोकरीत असताना कधी केला नाही. ज्यांना आम्ही चावीवाले म्हणत असू, ते कामगार भल्या पहाटे रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून लांब दांड्याची चावी फिरवत, तेव्हा कोठे एखाद्या विभागाला पाणी सुटत असे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला आज आठवत नाही आणि याची खंत वाटते.

चार वर्षांपूर्वी माझे पती वारले. त्यानंतरचे वर्ष सगळे कागदपत्रांत गेले. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, बँकेतले नॉमिनेशन, कुटुंब निवृत्तिवेतन, वारसांच्या सह्या. मुले चांगली आहेत, वाद काही झाला नाही. तरीही दोन माणसांच्या ४३ वर्षांच्या संसाराची एका फाइलमध्ये वाटणी होताना पाहणे सोपे नव्हते. त्याच दिवसांत ग्रंथालयातून आणलेल्या बृहदारण्यक उपनिषदाच्या मराठी भाषांतरात मी याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद पहिल्यांदा संपूर्ण वाचला, आणि तोही वाटणीपासूनच सुरू होतो हे पाहून थबकले. घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य ऋषी आपल्या दोघी पत्नींमध्ये, मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यामध्ये, मालमत्तेची व्यवस्था लावू पाहतो. मैत्रेयी विचारते की, धनाने भरलेली ही सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन काय? तो सांगतो की नाही, साधनसंपन्न लोकांचे असते तसे तुझे जगणे होईल, पण धनाने अमरत्वाची आशा नाही. मग ती म्हणते की, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू, तुम्हाला जे माहीत आहे तेच मला सांगा.

यापुढचा भाग मला आठवडाभर टोचत राहिला. पती प्रिय असतो तो पतीसाठी नव्हे, आत्म्यासाठी प्रिय असतो, असे याज्ञवल्क्य सांगतो. नुकतीच विधवा झालेली बाई हे वाचते तेव्हा तिला ते कठोर वाटते. ते सावकाश, पुन्हापुन्हा वाचल्यावर मला त्याचा असा अर्थ लागला की, ज्या माणसावर आपण जीव लावतो त्याच्यात आणि आपल्यात आधीपासूनच काही समाईक असते, आणि म्हणून ते प्रेम एका माणसाच्या जाण्याने निराधार होत नाही. माझा अर्थ शास्त्रशुद्ध आहे की नाही हे सांगायला जवळ कोणी जाणकार नव्हता, आणि नेमकी हीच अडचण पुढे या पत्राचे कारण झाली. पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा वेगळा काढता येत नाही, पण पाणी कोठूनही घेतले तरी ते खारटच लागते, हा दृष्टांत त्याच संवादात आहे. त्यानंतर याज्ञवल्क्य म्हणतो की, मृत्यूनंतर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. आणि मैत्रेयी उत्तर देते की, येथे तुम्ही मला गोंधळात टाकलेत. एवढ्या मोठ्या ग्रंथाने शिकणाऱ्या बाईचा गोंधळ झाकून न टाकता जसाच्या तसा जपून ठेवला आहे, याचा मला फार आधार वाटला.

त्या संवादात कात्यायनीला एकही वाक्य नाही. याच संवादाचा दुसरा पाठ चौथ्या अध्यायात आहे. तेथे मैत्रेयीला ब्रह्मवादिनी, म्हणजे ब्रह्माविषयी चर्चा करणारी, म्हटले आहे आणि कात्यायनीची बुद्धी मात्र बायकांच्या नेहमीच्या समजुतीपुरती असल्याचे एका शब्दात सांगून विषय संपवला आहे. आश्रमातला चुलाणा, गाई, आल्यागेल्यांचे पाणी हे सगळे तिनेच पाहिले असणार, असे मला वाटत राहते. माझ्या पिढीतल्या असंख्य बायकांनी नोकरी करूनही घर कात्यायनीसारखेच चालवले, आणि साठीनंतर जेव्हा हात रिकामे झाले तेव्हा त्यांना कोणी मैत्रेयीच्या जागी बसवले नाही. एका सभेत मी उपनिषदांच्या अभ्यासाविषयी विचारले असता व्यासपीठावरील गृहस्थ मला प्रेमानेच म्हणाले, "आजी, या वयात डोक्याला कशाला ताण देता? नामस्मरण करा, मन शांत ठेवा." नामस्मरणाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, माझी आई त्यावरच जगली. पण मी शांतता मागितली नव्हती, मी अर्थ विचारला होता.

मैत्रेयीच्या संवादानंतर लगेच येणारा भाग म्हणजे मधुविद्या. मधुविद्येची सुरुवात अशी आहे: ही पृथ्वी सर्व भूतांचे, म्हणजे प्राणिमात्रांचे, मध आहे आणि सर्व भूते या पृथ्वीचे मध आहेत. पृथ्वीच्या मागोमाग पाण्याचे नाव येते, मग अग्नी, वायू, सूर्य, दिशा, चंद्र, वीज, मेघगर्जना, आकाश, आणि पुढे धर्म, सत्य व मनुष्यत्व यांचीही नावे त्याच रांगेत येतात. शंकराचार्यांनी भाष्यात पोळ्याचा दाखला दिला आहे: अनेक मधमाश्या मिळून एक पोळे घडवतात, तसे सर्व भूतांनी मिळून पृथ्वी घडवली आहे आणि पृथ्वीने त्यांना घडवले आहे, जगातल्या गोष्टी परस्परांवर उपकार करतात आणि परस्परांचा उपकार घेतात, यावरून त्यांचे मूळ एक असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात 'परस्परोपग्रहो जीवानाम्' असे सूत्र आहे, म्हणजे जीव एकमेकांना साहाय्य करतात. नकाशावर मी जी रेष गिरवत होते ती एका दिशेने वाहणारी होती: तलावाकडून शहराकडे. मधुविद्या वाचल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला की शहराकडून तलावाकडे काय जाते.

त्याचे उत्तर पाहायला आम्ही सहा जण गेल्या उन्हाळ्यात कसाऱ्याच्या गाडीने आटगावला उतरून तानसा परिसरात गेलो. आयुष्यभर ज्याची बाह्यरेषा काढली तो तलाव मी सत्तरीत प्रथम पाहिला. भोवती अभयारण्य आहे; तेथली झाडे आणि माती पावसाचे पाणी धरतात म्हणून तलाव टिकतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. परतताना एका पाड्यावर विहिरीने तळ गाठला होता आणि बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. मुंबईला सर्वाधिक पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, ही गोष्ट वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते आणि मीही ती दरवर्षी वाचत होते. त्या दिवशी एका बाईने मला तिच्या हंड्याशेजारी सावलीत बसायला जागा दिली आणि तुम्ही कोठून आलात असे विचारले. मुलुंड म्हणताना माझा आवाज खाली गेला. आमच्या नकाशांत व्हॉल्व्हला चिन्ह होते, बोगद्याला होते, टेकडीवरच्या जलकुंभाला होते. त्या बायकांसाठी कोणतेही चिन्ह नव्हते.

त्यानंतर आमचा वाचनाचा गट तयार झाला. दर शनिवारी दुपारी ४ ते ६ या वेळात आम्ही एका सभासदाच्या घरी बसतो. गटात माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मधुविद्येवर आम्ही सगळे भारावून बोलत असताना त्यांनी स्वच्छ शब्दांत विचारले की, सर्वांभूती एकच तत्त्व आहे असे हजारो वर्षे म्हणणाऱ्या समाजात माझ्या आजोबांना पाणवठ्यावर पाणी का भरू दिले नाही? त्या दिवशी पुढे वाचन झाले नाही, आणि ते न होणेच योग्य होते. पुढच्या शनिवारी त्यांनीच 'रिडल्स इन हिंदुइझम' या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथातले विवेचन आमच्यापुढे मांडले. सर्व माणसे एकाच ब्रह्माचा अंश असतील तर ती समान ठरतात आणि लोकशाहीला याहून भक्कम पाया मिळणार नाही, असे बाबासाहेब तेथे मान्य करतात. आणि मग विचारतात की या विचाराचा समाजव्यवस्थेवर काहीच परिणाम का झाला नाही. मला वाटते, परस्परसंबंधाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवावा. पाड्यावरच्या रिकाम्या हंड्यांपुढे मधुविद्येचे नुसते कौतुक करत राहणे हे त्याच जुन्या चुकीची पुनरावृत्ती करणे होय.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते, प्रकृती ढासळलेली होती, आणि तरीही बुद्ध व त्याच्या धम्मावरील आपल्या ग्रंथाचे काम ते अखेरपर्यंत करत राहिले. तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पन्नाशी ओलांडल्यावर लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली छापून आले. उतारवय हे तत्त्वज्ञानापासून सुट्टी घेण्याचे वय आहे असे आपल्या थोरांनी कधी मानलेले दिसत नाही.

बौद्ध विचारातला प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे हे असते तेव्हा ते असते, हे नसेल तर तेही नसते, हा सिद्धान्त आम्ही पुस्तकापेक्षा गिधाडांवरून अधिक नीट शिकलो. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी बांधवांचे अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या गिधाडांच्या भरवशावर होत आले. १९९० च्या दशकात भारतभर गिधाडे मरू लागली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, जे मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. हेच औषध गुडघ्यांसाठी आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी घेतलेले आहे. दुखणाऱ्या बैलावर दयेने केलेला उपचार, आकाशातून नाहीसा झालेला पक्षी आणि एका समाजाचा खोळंबलेला अंत्यविधी, हे सगळे एकाच साखळीत असू शकते, हे ज्याला एकदा कळले त्याला 'याचा आपल्याशी काय संबंध' हे वाक्य सहज उच्चारता येत नाही. आमच्या मोरीतून वाहून गेलेल्या पाण्याचेही तसेच आहे. ठाण्याच्या खाडीत सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि त्यावर गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे पोसले जातात, असे पक्षितज्ज्ञ सांगतात. यावरून सांडपाणी खाडीत सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. आपण सोडलेली कोणतीही गोष्ट कोठे ना कोठे पोहोचतेच, एवढेच मला दाखवायचे आहे.

पाश्चात्त्यांपैकी आम्ही थोडेच वाचले. भिंगे घासून उदरनिर्वाह करणारा डच तत्त्वज्ञ स्पिनोझा, ज्याला १६५६ साली त्याच्या ज्यू धर्मसमाजाने बहिष्कृत केले, तो मला अद्याप कठीण जातो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट मात्र पाण्याच्या कामातल्या माणसाला चटकन समजतो. १८०० साली व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराची पातळी खाली का गेली हे शोधताना त्याने भोवतालच्या जंगलतोडीकडे बोट दाखवले: झाडे गेली की झरे आटतात आणि पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाते. सृष्टीतल्या सगळ्या शक्ती एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे सांगणारा 'कॉसमॉस' हा त्याचा मोठा ग्रंथ. त्याचा पहिला खंड १८४५ साली निघाला तेव्हा हुम्बोल्ट ७५ वर्षांचा होता आणि वयाच्या ८९ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो पुढचे खंड लिहीत होता. तानसाच्या काठावर मला त्याची आठवण झाली.

आता मागणी. मराठीत साहित्य नाही असे म्हणता येणार नाही. १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी आज फोनवरसुद्धा विनामूल्य वाचता येतात, आणि आमच्या गटाचे निम्मे प्रश्न त्यांनीच सोडवले आहेत. कमतरता आहे ती बसायला जागेची, आणि चुकलेला अर्थ चुकला आहे असे सांगणाऱ्या शिक्षकाची. प्रवचनात श्रोत्याने ऐकायचे असते, अभ्यासवर्गात त्याला अडवता येते, विचारता येते आणि असहमत होता येते. माटुंग्याच्या त्या गृहस्थांचा प्रश्न प्रवचनात उठलाच नसता. म्हणून माझी विनंती आहे की, ठिकठिकाणच्या विरंगुळा केंद्रांत आणि सार्वजनिक वाचनालयांत आठवड्यातून एक दुपार तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी राखून ठेवावी, त्यात उपनिषदांबरोबर बौद्ध, जैन आणि चार्वाक विचारही असावा, आणि वर्ग मराठीत चालावा. महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक याच शहरात राहतात. त्यांना कोणी आदराने बोलावले तर ते येतील अशी माझी खात्री आहे. मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने परीक्षा आणि पदवी यांची अट न घालता ज्येष्ठांसाठी काही व्याख्याने मराठीत ठेवली, तर कालिन्यापर्यंत बस बदलून जायची आमची तयारी आहे. आणि आपल्या वृत्तपत्राने ज्येष्ठांच्या पानावर आहार व गुंतवणूक यांच्या शेजारी पंधरवड्यातून एकदा या विषयाला अर्धा स्तंभ द्यावा.

वर्ग सुरू झाले तर त्यांना शहराबाहेरही नेले पाहिजे, असे माझे मत आहे. आमच्या गटाने तानसाहून आल्यावर ठरवले की, दर उन्हाळ्यात त्या पाड्यावर जायचे, तेथील विहिरीचा गाळ काढण्याच्या कामाला वर्गणी द्यायची आणि त्या बायकांकडून त्यांच्या डोंगराची, झऱ्यांची माहिती लिहून घ्यायची. मी त्या माहितीवरून एक नकाशा काढायला घेतला आहे. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, म्हणून पेन्सिलीनेच काढते. त्यात पाडा आहे, विहीर आहे, पायवाट आहे आणि चैत्रात आटणारे दोन झरे आहेत.

येत्या शनिवारी आम्ही मधुविद्येतील पाण्याविषयीचा भाग पुन्हा पहिल्यापासून वाचणार आहोत. आम्ही अकरा जण आहोत आणि भाषांतराच्या प्रती दोन आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणा निवृत्त प्राध्यापकांना या विषयात मार्गदर्शन करण्याची इच्छा असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. त्यांना घ्यायला आम्ही मुलुंड स्थानकावर येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अनुरेखक
मुलुंड (पूर्व), मुंबई